आधी किंमत, मग फ्रेम

जिजी कुठलंही चित्र आधी उलटं करून बघायची. आपण चित्राचं तोंड बघतो, ती पाठ बघायची. कुणाकडे बसायला गेली, की चहा येईपर्यंत भिंतीवरची फ्रेम हिच्या हातात आलेली असायची आणि नजर मागच्या पुठ्ठ्यावर. शहाद्यातल्या एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात ती चपला काढून सरळ सोफ्यावर चढली, एक निसर्गचित्र खाली उतरवलं, पालथं केलं, नखाने पुठ्ठा टोकरला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, की हे अजून दोन पावसाळे काढेल, पुढचं काही खरं नाही. ज्याने हे डिंकाने चिकटवलं त्याला बोलावून विचारा. बोलवायची गरज नव्हती. दुसरी एक फ्रेम टांगायला मी तिथेच स्टुलावर उभा होतो, तोंडात दोन खिळे धरून. चिकटवणारा मीच होतो.

माझं शहाद्याला एसटी स्टँडच्या मागे फ्रेमचं दुकान आहे. देव, लग्नाचे फोटो, सत्काराची सन्मानपत्रं आणि गेलेल्या माणसांचे फोटो, हे माझं गिऱ्हाईक. जिजी तापीकाठच्या एका गावातली, केळी आणि उसाच्या बागायतदार घरातली सून. तिचे वडील ड्रॉइंग मास्तर होते. त्यांनी शिकवलेले जलरंग तिने सासरी आणले, पण मालक वारले आणि मुलगा मार्गी लागला, तेव्हा कुठे ते उघडपणे हातात घेतले. तोवर चोरून काढायचीस का, असं मी एकदा विचारलं होतं. चोरून नाही, उरलेल्या वेळात, म्हणाली. सगळा गाव तिला जिजी म्हणायचा, तिचा मुलगाही जिजीच म्हणायचा, म्हणून मीही जिजीच म्हणायला लागलो.

आधीच सांगून ठेवतो, हे मी रागात लिहितो आहे. तिच्या मुलावर राग आहे, तिच्या भाऊबंदांवर आहे, आमच्या अख्ख्या तालुक्यावर आहे. तुमच्यावरही थोडा आहे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई किंवा असा एखादा मास्तर असणार, आणि तुम्हीही त्याला कधीतरी हसत हसत म्हटलं असणार, की आम्हाला एक चित्र काढून द्या की, भिंत रिकामी आहे. भिंत तुमची रिकामी, आणि ती भरायची जबाबदारी त्याची.

आमची ओळख भांडणाने झाली. तिने पहिल्यांदा एक चित्र फ्रेम करायला दिलं, मिरचीच्या खळ्याचं. नंदुरबारच्या बाजूला उन्हाळ्याआधी माळावर लाल मिरची वाळत पसरलेली असते, तिच्यात दोन बायका वाकून उभ्या होत्या. मी माझ्या पद्धतीने काम केलं. तयार फ्रेम होती बारा-अठराची, चित्र थोडं मोठं होतं, म्हणून खालून दोन बोटं कापली, पाठीला सगळीकडे डिंक लावून हार्डबोर्डवर दाबलं, वरून काच टेकवली आणि खिळे ठोकले. देवाच्या चित्राला आम्ही हेच करतो आणि देवाने आजवर तक्रार केलेली नाही. जिजी घ्यायला आली. आधी उलटं केलं. मग सुलटं केलं आणि उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"अठे मन्हं नाव व्हतं. कोठे गयं ते?"

मी सांगितलं, की फ्रेममध्ये बसत नव्हतं म्हणून काढून टाकलं, दोनच बोटं तर होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, स्टँडमागच्या गल्लीत ओरडण्याची सवय आहे आम्हाला. तिने अगदी चौकशी केल्यासारखं विचारलं, "टोपीमा डोकं नही बसनं, तं तू टोपी बदलस का डोकं कापस?" शेजारचा सायकलवाला हसला. मला इतका राग आला, की मी म्हणालो फ्रेमचे पैसे देऊ नको, चित्र घेऊन जा आणि पुन्हा येऊ नको. तिने पदराला बांधलेले पैसे सोडले, पूर्ण मोजून माझ्या टेबलावर ठेवले आणि दुसऱ्या आठवड्यात नवीन चित्र घेऊन पुन्हा आली.

या वेळी बसली स्टुलावर आणि मला कामाला लावलं. चित्राला चारी बाजूंनी जाड पुठ्ठ्याची चौकट पाहिजे, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. टेकली, की पावसाळ्यात दमटपणाने रंग काचेला चिकटतो. पाठीला डिंक लावायचा नाही. मैद्याची खळ शिजवायची आणि फक्त वरच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्यांनी चित्र टांगायचं, खाली मोकळं सोडायचं. कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्याला हलायला जागा ठेवायची. आणि कात्री चित्राच्या जवळ आणायचीच नाही. मी म्हणालो, एवढं करून कोण बघणार आहे मागून? ती म्हणाली, मी बघणार आहे. आणि दर वेळी बघायचीच. घड्याळात एसटीची वेळ होऊन गेली तरी मागची पट्टी नीट बसल्याशिवाय उठायची नाही. वीस वर्षं फ्रेम करणाऱ्या माणसाला एका बाईने समोर बसून शिकवावं, हे मला पहिली दोन वर्षं सोसलं नाही. तिसऱ्या वर्षी मी स्वतःहून खळ शिजवायला लागलो.

तिचा दुसरा नियम किमतीचा होता. चित्र माझ्या हातात देण्याआधी ती त्याच्या पाठीवर पेन्सिलीने किंमत लिहायची. "किंमत पहिले, फ्रेम मंग," हे तिचं ठरलेलं वाक्य. एकदा फ्रेम चढली, की लोक फ्रेमची किंमत करतात आणि चित्र त्याच्यात आपोआप आलं असं धरतात, असं तिचं म्हणणं होतं. पाठीवरचा तो आकडा मग पुठ्ठ्याखाली बंद व्हायचा आणि तो फक्त आम्हा दोघांना ठाऊक असायचा. ती आकडा कधी बदलायची नाही. गिऱ्हाईक मोटारीतून उतरलं म्हणून वाढवायची नाही आणि नातेवाईक आला म्हणून उतरवायची नाही.

पहिल्यांदा मी तो आकडा वाचला तेव्हा हसलो होतो. साडेतीन हजार. एका कागदाला. मी म्हणालो, जिजी, आपल्याकडे एवढ्यात भिंतीला रंग मारून होतो. तिने माझ्या पायाजवळ पडलेला लाकडाचा तुकडा उचलला. फ्रेमची पट्टी कोपऱ्यात जोडायला तिरकी कापावी लागते आणि प्रत्येक कोपऱ्यातून असा एक तुकडा वाया जातो.

"याना पैसा तू गिऱ्हाईककडथून लेस का नही?"

मी म्हणालो, घेतोच की, पट्टी फुटावर येते, वाया जाणारं मी कुठून भरू. "मंग मन्हा बिघडेल कागदना पैसा कोन दी?" म्हणाली. जलरंग खोडता येत नाही. आभाळात एक थेंब चुकीचा पडला, की तो कागद गेला. एक चित्र नीट उतरायच्या आधी तिचे तीन-चार कागद असे जायचे, ते ती खाटेखाली गठ्ठा करून ठेवायची. किंमत त्या सगळ्यांची मिळून होती. हा हिशोब ती माझ्याच बिलावरून शिकली होती.

आणि कुणी भाव करायला लागलं, की ती दोनशे वाढवायची. पुन्हा केलं, की आणखी दोनशे. चेहऱ्यावर राग नाही, आवाज चढलेला नाही, दोनशे चढलेले. लोकांना ही गंमत वाटायची. पुढे पुढे काही टवाळ मुद्दाम येऊन भाव करायचे, आकडा कुठवर जातो बघायला, आणि न घेता हसत निघून जायचे. मी तिला सांगायचो, की अशाने एकही विकलं जाणार नाही. सोळा वर्षांत तिची चित्रं विकली गेली ती बोटांवर मोजता येतील एवढीच, आणि ती बहुतेक परगावच्या लोकांनी घेतली. एक सुरतेच्या कापडवाल्याने, एक धडगावला बदलून आलेल्या तहसील कचेरीतल्या बाईंनी. आमच्या शहाद्याने काय घेतलं म्हणाल, तर तिच्याकडून माहिती घेतली, की चित्रकलेच्या परीक्षेला मुलाला कसं बसवायचं.

नंदुरबारला एका शाळेच्या हॉलमध्ये तिचं प्रदर्शन लागलं, तेव्हाची गोष्ट सांगतो. उद्घाटनाला एक मोठे सहकारातले गृहस्थ आले होते. नाव लिहीत नाही, कारण तसे ते एकटे नाहीत. सगळी चित्रं बघून झाल्यावर ते सारंगखेड्याच्या पुलाच्या चित्रासमोर थांबले, मान डोलवली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "हे आमच्या ऑफिसला पाठवून द्या ताई. फ्रेमचे जे काय होतील ते घ्या आमच्याकडून." आजूबाजूच्या चार जणांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. जिजीने माझ्या पिशवीतून पक्कड काढली. चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथं घातलं, एकेक खिळा उपसला, चित्र बाजूला काढलं आणि रिकामी फ्रेम काचेसकट त्यांच्या हातात दिली. "ह्या ल्या. फ्रेमना साडेचारशे व्हयनात." त्यांच्या ड्रायव्हरने पाचशेची नोट पुढे केली, तिने पन्नास परत दिले.

मी तिच्यावर भयंकर चिडलो होतो. ते गृहस्थ सत्काराच्या दिवसांत माझ्याकडून शंभर-शंभर सन्मानपत्रं फ्रेम करून घ्यायचे. परत येताना एसटीत मी फक्त माझंच तिकीट काढलं. ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती. प्रकाशा गाव मागे पडल्यावर म्हणाली, की तू फ्रेमवाला आहेस, तुला राग येणारच, तुझे पैसे लोक न मागता देतात. मला वाटलं टोमणा मारते आहे. आता वाटतं, साधं खरं तेच सांगत होती.

घरच्यांनी तिला त्रास दिला असं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण छळणारे असते तर रागावणं सोपं गेलं असतं. मुलगा हेमंत गुणी. शहाद्याला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान. पुण्याला गेला, की तिच्यासाठी चांगला जाड कागद आणायचा, चष्मा फुटला तर दुसऱ्या दिवशी नवीन. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, आमच्या जिजीला पेंटिंगचा फार छंद आहे. छंद हा शब्द ऐकला, की ती उठून आत जायची. कुणाचं लग्न निघालं, वास्तू निघाली, की भावकीतून निरोप यायचा, जिजीचं एक चित्र पाठवा, आहेर म्हणून शोभेल. ती विचारायची, कितीवालं पाठवू? निरोप आणणारा गोंधळून जायचा. घरातल्या घरात काय विकत घ्यायचं असतं? हेमंतही हेच म्हणायचा, प्रेमाने. जिजी, तुझं ते माझंच ना.

एके दुपारी ती माझ्या दुकानात बसली होती. फ्रेम तयार होती, एसटीला वेळ होता. माझ्या भिंतीवर लावलेल्या देवांकडे बघत ती बोलली. "बाहेरना लोके लेतस नही लेतस, त्यानं माले काही नही. मन्हा घरना एखादानी तरी किंमत देईसन एक चित्र लेवाले जोयजे. तव्हय मी म्हनसू, मी इतला वरीस काम करं." आयुष्यात तिने मला मागितल्यासारखं काही सांगितलं असेल, तर ते एवढंच, की घरच्या कुणीतरी पैसे मोजून तिचं एक चित्र घ्यावं. मी म्हणालो, घेईल की हेमंत कधीतरी. आणि शेजारच्याला दोन चहा सांगितले.

या वर्षी मृगाच्या आधी जिजी गेली. रक्तदाबाचा जुना त्रास होता. सकाळी उठली, पाण्याचा डबा भरून ब्रश भिजत टाकले आणि खाटेवर बसली ती बसलीच.

पाचव्या दिवशी हेमंत माझ्या दुकानात आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. आधी तिचा फोटो दिला. म्हणाला, सगळ्यात भारी फ्रेम लावा काका, पैशाचं बघू नका. मग मोटारीतून दोन मोठ्या पिशव्या आणून टेबलावर रिकाम्या केल्या. तिची चित्रं होती, चाळीस-पंचेचाळीस, मी चढवलेल्या फ्रेमी काढून नुसतीच आणलेली. आमच्याकडे गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी, आलेल्या नातेवाइकांना भांडं वाटतात, ताट किंवा डबा, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं. हेमंतने वेगळा विचार केला होता.

"भांडा तं सर्वाच वाटतस, काका. आपन जिजीना चित्रं वाटूत."

सगळ्यांना सारखीच मिळायला पाहिजेत, नाहीतर भावकीत कुरबूर होते, म्हणून सगळ्या फ्रेमी दहा-बाराच्या हव्या होत्या, एकाच पट्टीच्या. मोठी चित्रं कापून त्या मापाची करायची. खाली काचेवर लाल अक्षरात छापायचं, 'कै. शकुंतलाबाई यांच्या स्मरणार्थ'. आईचं नाव घरोघरी राहील, म्हणाला.

माझं डोकं फिरलं, पण समोर सुतकातला माणूस होता. मी एक चित्र उचललं आणि त्याच्यासमोर उलटं केलं. पाठीवर पेन्सिलीचा आकडा. दुसरं उलटं केलं. तिसरं. सगळी चित्रं एकेक करून पालथी घातली. हेमंत ओलावलेल्या डोळ्यांनी थोडं हसला. जिजी पण ना, म्हणाला. आकडे त्याला तिची गंमत वाटले.

मी म्हणालो, मी कापणार नाही. ही सगळी मला विकत दे, ज्या किमती लिहिल्या आहेत त्याच देतो, माझ्याकडे एकदम नाहीत पण हप्त्याने देतो. तेव्हा तो पहिल्यांदा दुखावला. "मायनी वस्तू इकू का मी, काका? लोके काय म्हनतीन?"

विकली तर आईचा अपमान, कापून फुकट वाटली तर आईचा मान. आणि तो हे अगदी मनापासून बोलत होता, हे मला दिसत होतं, त्यानेच जास्त संताप येत होता. मी तिच्या फोटोची फ्रेम करून दिली. चित्रांचं काम त्याने दुसरीकडे नेलं. आठ दिवसांत झालंही, कारण माझ्या जुन्या पद्धतीने काम करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

गंधमुक्तीला मी गेलो. जेवणं झाल्यावर मांडवाच्या तोंडाशी दोघे जण उभे राहून प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी देत होते. लोक पिशवीतच डोकावून बघायचे आणि पुढे व्हायचे. माझ्यापुढच्या माणसाने फ्रेम काढून हातात धरली, वजन पाहिलं आणि बायकोला म्हणाला, फ्रेम चांगली आहे, देवाच्या फोटोला होईल. मी तेव्हा त्याची मानगूट धरली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझ्या पिशवीत केळीच्या बागेचं चित्र होतं. वाऱ्याने फाटलेली पानं, बागेची कड आणि तिच्यामागे तापीचं उन्हाळ्यातलं बारीक पात्र. दुकानात आणून उलटं केलं, पुठ्ठा काढला. चित्र पाठीला सगळीकडे डिंक लावून हार्डबोर्डला चिकटवलेलं. आकडा आत कायमचा चिकटून बसलेला. उजव्या बाजूने चार बोटं कापलेली आणि त्यातच तिची सही गेलेली. काच सरळ रंगाला टेकलेली. बरोबर हेच मी सोळा वर्षांपूर्वी केलं होतं, म्हणून दुसऱ्याच्या नावाने शिव्या घालायलाही तोंड उरलं नाही. चित्र सोडवायला पाण्यात भिजवावं, तर जलरंग डिंकाआधी निघून जाईल. मी पुठ्ठा परत लावला.

आकडा मात्र मला पाठ होता, कारण दहा दिवसांपूर्वीच मी तो हेमंतसमोर उलटा करून धरला होता. मी एक जाड चिठ्ठी घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चित्र ३८०० रुपये. फ्रेम फुकट.' आणि दर्शनी भिंतीवरचा एक देव उतरवून त्या खिळ्यावर जिजीचं चित्र चिठ्ठीसकट लावलं. आषाढभर लोकांनी मला वेड्यात काढलं. फुकट मिळालेलं आहे ते, हा विकतो आहे, असं म्हणत होते. एकाने विचारलं, फ्रेम फुकट आहे तर नुसती फ्रेम मिळेल का. त्याला मी दुकानाबाहेर काढलं.

बातमी हेमंतपर्यंत जाणारच होती. श्रावण लागला तेव्हा तो आला. चिठ्ठी वाचली. "मन्ही मायनं चित्र तुम्ही मालेच इकशात का?"

मी म्हणालो, विकीन. तुला पाहिजे असेल तर विकत घे.

त्याने पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं, खिशाकडे हात नेला आणि व्यापाऱ्याच्या सवयीने विचारून गेला, "काही कमी?"

"आते चार हजार."

दोनशेचा नियम त्याला ठाऊक होता, पाहुण्यांना त्यानेच हसून सांगितलेला होता. मग मी त्याला त्या दुपारचं सगळं सांगितलं. ती कुठल्या स्टुलावर बसली होती, काय म्हणाली होती, आणि घरातल्या कुणाकडून तिला काय हवं होतं. हे मी दयेने सांगितलं नाही, त्याला लागावं म्हणूनच सांगितलं. तो उठला आणि निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी भर पावसात तो परत आला. ओली छत्री दाराशी ठेवली आणि पाचशेच्या आठ नोटा टेबलावर मांडल्या. स्कॅनरवर टाकता आले असते, पण त्याने नोटाच आणल्या होत्या. मी चित्र उतरवून बांधायला घेतलं, तर त्याने हात धरला.

"फ्रेम ऱ्हाऊ द्या, काका. नुसतं चित्र द्या."

मी पक्कड घेतली आणि खिळे उपसले. काच उचलताना ती अडली, म्हणून हलकेच ओढली. दोन पावसाळी महिन्यांत रंग काचेला लागलाच होता. तापीच्या पात्राचा बोटभर तुकडा काचेबरोबर आला आणि चित्रात तिथे पांढरा कागद उघडा पडला. हेमंतने ते पाहिलं. किंमत कमी करा म्हणाला नाही. हार्डबोर्डला चिकटलेलं ते चित्र त्याने शर्टाच्या आत छातीशी धरलं आणि छत्री उघडली. घरच्या माणसाने किंमत देऊन घेतलेलं जिजीचं पहिलं चित्र माझ्यासमोर दुकानाबाहेर चाललं होतं, आणि ते बघायला ती नव्हती. या गोष्टीचा राग कुणावर काढायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

पायरी उतरता उतरता तो थांबला. माझ्या भिंतीवरून त्याची नजर फिरली, सगळ्या देवांवरून. आता देवांच्या मध्ये एक खिळा रिकामा होता. त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "काका, तुमनाकडे जिजीनं एखादं तं व्हईच ना? तुम्ही इतला वरीसमा इकत लेयेल?"

सोळा वर्षं तिची चित्रं माझ्या हातांखालून गेली. प्रत्येकाची किंमत मी सगळ्यांच्या आधी वाचली. त्या स्टुलावर बसून ती याच भिंतीकडे बघायची आणि मी तिच्यासाठी चहा सांगायचो. फ्रेमचे पैसे दर वेळी तिच्याकडून रोख घेतले. मी फडकं ओलं केलं आणि काच पुसायला लागलो, मग तिच्यावर काय लागलेलं आहे ते आठवून हात थांबवला. हेमंत अजून पायरीवर उभा होता.

"नही," मी म्हणालो.